निगराणीचे दशक

विज्ञानाच्या इतिहासात शोधकर्त्यांची नावे आदराने नोंदली जातात. परंतु ज्या सॉफ्टवेअरच्या आधारावर ते शोध लागतात, त्याची वर्षानुवर्षे निगा राखणाऱ्यांची नोंद कोणत्याच दप्तरी होत नाही, हा शिरस्ता मोडण्याच्या निर्धाराने २०१० साली एडिंबरो विद्यापीठाच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूट स्थापन झाली. २०१२ साली ऑक्सफर्डला भरलेल्या तिच्या कार्यशाळेत ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ या हुद्द्याची कल्पना पुढे आली, आणि अध्यापकांतही नाही व तंत्रसेवकांतही नाही अशा त्रिशंकू अवस्थेत, मुदतीच्या नेमणुकांवर राबणारा एक वर्ग हळूहळू संघटित होऊ लागला.

निगराणीच्या या कार्याची निकड पायथन या संगणकभाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या कहाणीवरून ध्यानी येते. जॉन हंटर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्संकेतांचे आलेख काढण्याच्या गरजेतून हे साधन निर्माण केले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे अकाली निधन झाल्यावर सहकाऱ्यांनी ते निष्ठेने चालते ठेवले. आणि १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगापुढे आली, तेव्हा तिच्या घडणीत या साधनाचाही वाटा होता. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, याच पायथन-परिवाराच्या जोपासनेसाठी केलेला अनुदानाचा अर्ज अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने, पुरेसा प्रभाव नाही या सबबीवर, नामंजूर केला! नवनिर्मितीला मंजुरी आणि निगराणीला नकार, ही जुनी रीत त्या एका निकालात उघडी पडली.

निगा सॉफ्टवेअरइतकीच परिषदांनाही लागते, हे पुढे दिसून आले. २०२० च्या मार्चअखेर महासाथीमुळे सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूटची वार्षिक कार्यशाळा ऑनलाइन भरवावी लागली. लहान गटांतील चर्चा आणि सर्वांनी मिळून लिहावयाची सामाईक टिपणे हा तिचा जुना परिपाठ या प्रसंगी उपयोगी पडला. त्याच वर्षी, रद्द झालेल्या परिषदांची उणीव भरून काढण्यासाठी रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअरांच्या अनेक देशांतील संघटनांनी ‘सॉर्स’ ही ऑनलाइन कार्यक्रममाला आरंभली, आणि दोन-तीन दिवसांत कोंबले जाणारे कार्यक्रम कित्येक महिन्यांवर विभागले. प्रवासखर्च न झेपणाऱ्या संशोधकाला त्यामुळे सहभाग सुलभ झाला. मात्र चहापानाच्या वेळी सहज जुळणारे स्नेह पडद्यावर आपोआप जुळत नाहीत, त्यासाठी गट पाडणारा, प्रश्न टिपणारा, अबोल सदस्याला बोलते करणारा कोणीतरी आधीच नेमावा लागतो.

सॉफ्टवेअर असो वा परिषद, तिचे आयुष्य अशा नेमलेल्या माणसांवर अवलंबून असते. म्हणून प्रत्येक संशोधन-प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात निगराणीची स्वतंत्र तरतूद आणि ती करणाऱ्यास कायम हुद्दा व बढतीचा हक्क असलाच पाहिजे.