तळहाताएवढ्या जागेवर पेललेली गाडी

व्हील अलाइनमेंटच्या दुकानात थोडा वेळ उभे राहून पाहा. मुरलेला कारागीर यंत्राला हात लावण्याआधी टायरला हात लावतो. गाडी वर उचलली की तो नक्षीवरून तळहात आडवा फिरवतो. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. जाताना हात गुळगुळीत सरकला आणि येताना करवतीच्या दातांवरून फिरावा तसा अडखळला, की त्याचे निदान झाले. चाक नीट गडगडत नाही, थोडे फरपटत चालले आहे.

हल्ली या दुकानांत इलेक्ट्रिक गाड्याही येऊ लागल्या आहेत आणि त्यांच्या मालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो. इंजिन नाही, ऑइल बदलायचे नाही, क्लचप्लेट नाही, ब्रेक पॅडही कितीतरी वर्षे पुरतात. मग टायरच इतक्या लवकर कसे झिजले?

प्रश्न रास्त आहे. गुडइयर कंपनीने २०१८ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात इलेक्ट्रिक गाड्यांसाठीचे खास टायर मांडले, तेव्हा आपल्या चाचण्यांच्या आधारे सांगितले होते की विजेच्या मोटरीच्या जोरामुळे साधे टायर ३० टक्क्यांपर्यंत लवकर झिजू शकतात. असे का होते, ते समजून घ्यायचे तर रबर आणि रस्ता जिथे एकमेकांना भेटतात त्या इवल्याशा जागेपाशी जावे लागते.

वजन कुठून आले?

आपल्या रांजणगावला तयार होणारी टाटा नेक्सॉन घ्या. तिचे पेट्रोलवरचे रूप साडेबाराशे किलोच्या आतबाहेर भरते, तर विजेवरचे १४०० किलोच्या आसपास. हा फरक मुख्यतः बॅटरीचा. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. एक किलो बॅटरी पॅकमध्ये पाव युनिटही मावत नाही. इंजिन त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवते आणि मोटर फारच थोडी, म्हणून तफावत पुष्कळ भरून निघते. तरीही काही शे किलोंचे ओझे गाडीला कायम वागवावे लागते. पेट्रोलची टाकी प्रवासात हलकी होत जाते, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत लोह आणि फॉस्फेट वापरणारी बॅटरी असते. ती टिकाऊ आणि उष्णतेला अधिक सुरक्षित असते, पण तेवढ्याच युनिटांसाठी तिचे वजन जास्त भरते.

याचे टोक पाहायचे तर अमेरिकेतली हमर इव्ही पाहावी. तिचे वजन सुमारे ४१०० किलो असून त्यातली जवळपास १३०० किलो एकटी बॅटरी आहे. म्हणजे तिच्या नुसत्या बॅटरीच्या वजनात आपली एक अख्खी पेट्रोल नेक्सॉन येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी जानेवारी २०२३ मध्ये या वाढत्या वजनाबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली, तेव्हा याच गाडीचे उदाहरण दिले होते.

आता साधा हिशेब करू. १४०० किलोच्या गाडीचा प्रत्येक चाकावर सरासरी ३५० किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो दाब होतो. भागाकार केला की उत्तर येते १५० चौरस सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम बोटांसकट पसरलेल्या पंजाएवढी जागा. अशा चार पंजांवर सगळी गाडी उभी असते. पळणे, थांबणे, वळणे, खड्ड्यातून बाहेर येणे, सारे या चार पंजांच्या जिवावर.

झीज होते तरी कशी?

फिरणारे चाक रस्त्यावर घसरत नाही, असे आपण शाळेत शिकतो. रबराच्या बाबतीत ते पूर्ण खरे नाही. रस्त्याला टेकलेल्या त्या पंजाचा पुढचा भाग डांबराला घट्ट धरून असतो आणि रबर ताणले जाते. मागच्या भागापर्यंत ताण इतका वाढतो की पकड सुटते आणि रबर किंचित सरकते. या सरकण्यात खडीचे कंगोरे रबराचे सूक्ष्म कण ओरबाडून घेतात. जोर वाढला की सरकणारा भागही वाढतो. दोन्ही एकदम वाढत असल्यामुळे झीज जोराच्या प्रमाणात न राहता ढोबळमानाने त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जोर दुप्पट झाला, तर झीज चौपटीकडे जाते.

इलेक्ट्रिक गाडीत हा जोर तीन बाजूंनी येतो. पहिला वजनाचा, गाडी जड असली की तिला तेवढ्याच वेगाने वळवायलाही जास्त बळ लागते. दुसरा मोटरीचा. पेट्रोल इंजिनाला आपली पूर्ण ताकद दाखवण्यासाठी दीड-दोन हजार फेऱ्यांपर्यंत चढावे लागते. मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण पीळ देते. सिग्नल हिरवा झाल्यावर गाडी सुसाट निघते, त्या सुखाची किंमत टायर चुकवतात.

तिसरा जोर मात्र चटकन लक्षात येत नाही. पाय उचलला की मोटर जनित्र बनते, गाडीला रोखते आणि ऊर्जा बॅटरीत परत भरते. नेहमीचा ब्रेक चारही चाकांना धरतो. हे रोखणे फक्त त्याच चाकांतून होते ज्यांना मोटर जोडलेली आहे. नेक्सॉनसारख्या गाडीत ती पुढची असतात. खंडाळ्याचा घाट उतरताना काय होते पाहा. लोणावळा ते खोपोली सुमारे साडेपाचशे मीटरचा उतार आहे. खाली येताना सुटणाऱ्या ऊर्जेतली काही वारा आणि रस्ता खातात. उरलेली बॅटरीत जाते ती पुढच्या दोन चाकांच्या पंजांतून. तीच चाके वळणेही घेत असतात आणि चढताना गाडी ओढण्याचे कामही त्यांनीच केलेले असते. मागची जोडी जवळजवळ नव्यासारखी आणि पुढची झिजलेली दिसते, ती यामुळे. मोटर मागे असलेल्या गाड्यांत हे चित्र उलटे दिसते.

स्प्रिंग तीन सेंटीमीटर खाली बसते तेव्हा

टायर लवकर जाण्याचे खापर बहुतेक वेळा टायरवरच फोडले जाते. पुष्कळदा मूळ सस्पेन्शनमध्ये असते.

आरामदायी गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला साधारण सव्वा वेळा हेलकावतो. हा माणसाच्या चालण्याच्या लयीच्या जवळचा वेग, म्हणून तो अंगाला सोसतो. अशा स्प्रिंगवर २० टक्के जास्त वजन ठेवले, तर गणिताने ती सुमारे तीन सेंटीमीटर आणखी खाली बसते. त्यामुळे अभियंत्यांना स्प्रिंग अधिक कडक करावी लागते आणि तिला जोडीने आवरणारे शॉकअब्सॉर्बरही. बॅटरी जमिनीलगत असल्याने गाडी वळणावर कलंडत नाही, हा मोठा फायदा. पण कडक स्प्रिंग, जड भारासाठी जाड केलेली टायरची भिंत आणि शोभेसाठी घेतलेली मोठी रिम एकत्र आली की खड्ड्याचा दणका मऊ व्हायला वाव कमी उरतो. तो मग बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉडवर जातो.

लोअर आर्मच्या टोकाला बसवलेला रबरी बुश दिसायला क्षुल्लक असतो. पाय दाबला की चाक त्याला पुढे ढकलते, पाय उचलला की मागे ओढते. एकाच पेडलवर गाडी चालवणाऱ्याच्या हातून शहरातल्या गर्दीत ही ढकलाओढ दिवसभर चालू असते. बुश सैल झाला की चाकाचा कोन हलतो आणि मग टायर फरपटायला लागते. तोवर खड्ड्यात ‘खट्‌’ असा आवाजही येऊ लागलेला असतो. इंजिनाच्या घरघरीत जो दबून गेला असता, तो इथल्या शांततेत स्पष्ट ऐकू येतो. या आवाजाला वैतागू नये. गाडीने वेळेवर दिलेली ती सूचना असते.

कोन किती चुकला की बिघडते? चाक आपल्या सरळ दिशेपासून अंशाच्या फक्त पाचव्या भागाने तिरपे आहे, असे समजा. डोळ्याला ते दिसणारही नाही. पण त्रिकोणमिती सांगते की असे चाक दर किलोमीटरला साडेतीन मीटर आडवे घासले जाते. दहा हजार किलोमीटरमध्ये हे आडवे घासणे होते ३५ किलोमीटर. त्याच घासण्यामागे वजनही जास्त असेल, तर रबर किती दिवस पुरणार?

उभ्या कोनाचेही तसेच. टेस्लाच्या मॉडेल एसचे हवेवर चालणारे सस्पेन्शन महामार्गावर वाऱ्याचा विरोध कमी करण्यासाठी गाडी खाली घेते. गाडी खाली आली की मागची चाके वरच्या बाजूने आत कलतात आणि टायरची आतली कड जास्त झिजते. बाहेरून पाहणाऱ्याला टायर ठणठणीत वाटते आणि आतल्या कडेला तारा दिसू लागलेल्या असतात. म्हणून टायर पाहताना वाकून आतली बाजू पाहण्याची सवय लावून घ्यायला हवी.

धूर गेला, धूळ राहिली

झिजलेले रबर जाते कुठे? काही कण हवेत तरंगतात; बरेचसे रस्त्याकडेला बसतात आणि पहिल्या पावसात नाल्यात, तिथून नदीत वाहून जातात. त्यांच्याबरोबर रबरात मिसळलेली रसायनेही जातात.

अमेरिकेच्या सिएटल परिसरात पाऊस पडला की ओढ्यांत अंडी घालायला परतलेले कोहो सॅमन मासे तडफडून मरत. कारण वर्षानुवर्षे सापडत नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या झेन्यू तिआन, एडवर्ड कोलोडजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. टायरला तडे जाऊ नयेत म्हणून रबरात ६-पीपीडी नावाचे रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची क्रिया होऊन ६-पीपीडी-क्विनोन तयार होते आणि या माशांना ते अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. हे रसायन सर्वच गाड्यांच्या टायरमध्ये असते, विजेवरच्या गाडीचा तो वेगळा गुन्हा नव्हे. पण जे टायर जास्त झिजेल, ते जास्त सोडेल.

म्हणून पेट्रोलकडे परत जावे का? मुळीच नाही. विजेची गाडी रस्त्यावर धूर सोडत नाही आणि मोटरच रोखण्याचे काम करत असल्याने ब्रेकची धूळही फार कमी होते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘युरो ७’ नियमांत हा हिशेब स्पष्ट दिसतो. ब्रेकमधून उडणाऱ्या कणांची मर्यादा बहुतेक इंधनाच्या गाड्यांना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, तर पूर्ण विजेवरच्या गाड्यांना ३ मिलिग्रॅम ठेवली आहे. टायरच्या झिजेवरही त्याच नियमांनी प्रथमच मर्यादा आणली. स्वच्छ गाडीची व्याख्या आता सायलेन्सरपाशी थांबत नाही, चाकापर्यंत पोहोचते. आपल्या देशातही ती तशीच पोहोचायला हवी, असे मला मनापासून वाटते.

टायर बनवणारेही स्वस्थ बसलेले नाहीत. त्यांना तीन गोष्टी एकदम साधायच्या असतात : चाक हलके फिरावे, पकड पक्की राहावी आणि रबर टिकावे. एक ओढली की दुसरी सुटते. नक्षी उथळ ठेवली तर चाक हलके फिरते आणि रेंज वाढते, पण झिजायला रबरच कमी उरते. काजळीच्या जोडीला सिलिका मिसळून यात बराच मेळ घालता आला आहे. जड गाड्यांसाठी जास्त भार पेलणारे, एचएल खूण असलेले टायर पिरेलीने २०२१ मध्ये लुसिड एअर या गाडीसाठी पहिल्यांदा आणले. काही टायरच्या आत आवाज शोषायला स्पंजासारखा थर चिकटवलेला असतो. पंक्चर काढणाऱ्याला तो आधी सांगावा, नाहीतर ठिगळ नीट बसत नाही. आपल्याकडे सिएट आणि अपोलोनेही इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेगळे टायर काढले आहेत.

आपल्या हातात काय आहे?

बरेच काही. हवा पंधरा दिवसांतून एकदा, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात. आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची चाके मागे आणि मागची पुढे करून घ्यावीत. मोठा खड्डा बसला किंवा स्टीअरिंग एका बाजूला ओढू लागले, तर अलाइनमेंटची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नये, आणि त्याच वेळी बुश आणि बॉल जॉइंटही पाहून घ्यावेत. सैल सांध्यावर केलेले अलाइनमेंट टिकत नाही.

नवे टायर घेताना नुसते माप पाहू नये. मापाच्या पुढचा छोटा आकडा भार सांगतो : ९१ म्हणजे ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी भाराचे टायर स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायलाच हवे. आणि पाय हलका ठेवावा. मोटरीची सगळी ताकद प्रत्येक सिग्नलला वापरावी लागत नाही.

आपण रोज बॅटरीची टक्केवारी पाहतो, कारण ती पडद्यावर दिसते. टायर पडद्यावर फार तर हवेचा दाब दाखवते, आपली झीज दाखवत नाही. म्हणून रविवारी गाडी पुसायला घ्याल तेव्हा स्टीअरिंग पूर्ण वळवा, खाली बसा आणि त्या कारागिरासारखा नक्षीवरून तळहात फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. गाडी ज्या जागेवर उभी आहे ती तेवढीच, तुमच्या हाताखाली मावणारी आहे. कुठे अडखळले तर हाताला कळेल.