केडगावचे मुक्ती मिशन : सेवेतून साकारलेली ख्रिस्ती श्रद्धा

संस्कृत विद्वत्तेसाठी गौरवल्या गेलेल्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, म्हणजे जलसंस्काराद्वारे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा विधी, स्वीकारला. परंतु त्यांची श्रद्धा उपासनेपुरती मर्यादित न राहता विधवा, अनाथ आणि भुकेल्यांच्या सेवेतून आकाराला आली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे पुण्यास हलवलेले ‘शारदा सदन’ प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होते, तर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार स्त्रिया व मुलींसाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. ‘मुक्ती’ या शब्दात पापातून सुटका हा धार्मिक अर्थ जसा होता, तसाच भूक, अज्ञान आणि परावलंबन यांतून सुटण्याचा ऐहिक अर्थही होता. म्हणूनच तेथे प्रार्थनेच्या जोडीला शाळा, शेती, विणकाम आणि छापखाना चाले, तसेच अंध मुलींना ब्रेल, म्हणजे बोटांच्या स्पर्शाने वाचायची उठावदार ठिपक्यांची लिपी, शिकवली जाई. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे सुबोध मराठी भाषांतरही आश्रमातील स्त्रियांच्याच श्रमांतून छापले गेले, आणि आजही केडगावात हे सेवाकार्य सुरू आहे.