लांब पल्ल्याचे शास्त्र : मर्सिडीजची ‘एसएलसी’

मोटारीविषयी बोलताना बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो तिच्या सर्वाधिक वेगाचा. मात्र मोटारींचा एक वर्ग असा आहे, की त्याची खरी परीक्षा प्रवास संपल्यावर होते. चार-पाचशे किलोमीटरचे अंतर कापून चालक खाली उतरला, तेव्हा त्याची पाठ, डोळे आणि चित्त कोणत्या अवस्थेत आहे, यावर या मोटारींचे मोल ठरते. इटालियन भाषेत या वर्गाला ‘ग्रान तुरिस्मो’ असे नाव मिळाले आणि पुढे जगभर ‘जीटी’ ही दोन अक्षरे रूढ झाली. दोन दारे, उतरते छत, पुढे दोघांची ऐसपैस आणि मागे दोघांची बेताची सोय, सामानाला पुरेशी जागा आणि दिवसभर न दमता धावणारे इंजिन, ही या वर्गाची ढोबळ ओळख.

१९५१ मध्ये आलेली इटलीची ‘लान्चिया ऑरेलिया बी२० जीटी’ आणि १९५२ ची ब्रिटिश ‘बेंटली आर-टाइप कॉन्टिनेन्टल’ या गाड्यांनी हा पायंडा पाडला. लान्चियाने वजनाचा समतोल साधण्यासाठी गिअरबॉक्स मागील चाकांजवळ नेला. बेंटलीने वाऱ्याचा विरोध कमी करणारा आकार शोधला. दोन्हींचा उद्देश एकच होता : प्रवाशांना लवकर, पण न शिणवता मुक्कामी पोहोचवणे. या परंपरेतील एक अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे १९७१ ते १९८१ या काळात तयार झालेली मर्सिडीज-बेंझ ‘एसएलसी’. दहा वर्षांत अशा एकूण ६२,८८८ गाड्या तयार झाल्या.

या गाडीचा सांगाडा काहीसा अनपेक्षित आहे. मर्सिडीजच्या मोठ्या कूपे गाड्या सहसा सलूनच्या पायावर उभारल्या जात. ‘एसएलसी’साठी मात्र उघड्या छताच्या दोन आसनी ‘एसएल’चा पाया घेऊन पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ३६० मिलिमीटरने वाढवण्यात आले. ते २,८२० मिलिमीटर झाले आणि मागे दोन आसनांना जागा मिळाली. लांबलेली बाजूची काच पूर्णपणे खाली जाणे शक्य नव्हते. म्हणून तिच्या मागच्या भागात उभ्या पट्ट्यांची एक स्थिर झडप बसवण्यात आली. ही झडपच पुढे या गाडीची ओळख ठरली.

अशा गाडीचे गुण समजून घ्यायला युरोपातील महामार्गच हवेत असे नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत घाट, महामार्ग आणि उसाच्या पट्ट्यातील गजबजलेला रस्ता अशा तीन प्रकारच्या वाटा एका दिवसाच्या टप्प्यात येतात. प्रत्येक वाट गाडीच्या एका वेगळ्या अंगाची परीक्षा घेते.

घाट : चढताना दम, उतरताना संयम

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट अवघ्या बारा-तेरा किलोमीटरमध्ये सुमारे साडेपाचशे मीटर उंची गाठतो. त्या काळी आपल्याकडे घराघरांत ठाऊक असलेल्या फियाटचे १,०८९ सीसीचे इंजिन चाळीसएक अश्वशक्ती देत असे. वळणावर वेग मोडला, की चालकाला गिअर खाली टाकून इंजिन पुन्हा चढवावे लागे. ‘४५० एसएलसी’च्या ४,५२० सीसीच्या आठ सिलिंडरी इंजिनाची ताकद २२५ अश्वशक्ती होती. पण चढावर या आकड्यापेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा ठरतो. या इंजिनाचा पिळाचा जोर, म्हणजेच टॉर्क, मिनिटाला ३,००० फेऱ्यांवरच ३७८ न्यूटन-मीटर या कमाल पातळीला पोहोचतो. त्यामुळे इंजिनाला ओरडायला न लावता गाडी वळणातून सहज उचलली जाते. तीन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स आजच्या मानाने सुस्त वाटेल. तथापि इतका जोर हाताशी असताना त्याला वारंवार गिअर बदलण्याची गरजच कमी पडते.

खरी कसोटी उतारावर लागते. सामान आणि माणसांसह १,८०० किलो भरणारी गाडी साडेपाचशे मीटर खाली येते, तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा सुमारे तीस लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. ही ऊर्जा काही प्रमाणात इंजिन आणि वारा शोषतात. उरलेली ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जाते. ब्रेक अति तापले, की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. ‘एसएलसी’च्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि पुढच्या डिस्कच्या आत हवा खेळण्यासाठी पोकळी ठेवलेली होती. अर्थात, यंत्र कितीही उत्तम असले तरी उतारावर खालचा गिअर धरून इंजिनाकडूनही काम करून घ्यावे, हा घाटातील जुना नियम तिलाही लागू होतोच.

महामार्ग : कंटाळा न येण्याची कला

साताऱ्याहून उंब्रज, कराड करत पेठ नाक्यापर्यंत पुणे-बंगळूर महामार्गाचा पट्टा बराचसा सरळ आणि मोकळा आहे. येथे शीण येतो तो आवाजाचा, कंपनाचा आणि गाडी सतत सरळ रेषेत ठेवण्यासाठी कराव्या लागणाऱ्या लहानसहान दुरुस्त्यांचा. चाकांमधील वाढलेल्या अंतराचा लाभ येथे दिसतो. छोटी गाडी उंचवट्यावर पुढे-मागे झुलते. लांब पायाची गाडी तोच उंचवटा संथपणे ओलांडते. ताशी १०० किलोमीटर वेगाला ‘४५० एसएलसी’चे इंजिन मिनिटाला सुमारे अडीच हजार फेरेच घेते. तिचा कमाल वेग ताशी २१५ किलोमीटर होता. मात्र त्याचा खरा उपयोग तो गाठण्यात नसून, त्याच्या निम्म्या वेगाला गाडी अगदी निवांत असण्यात आहे.

आसनांचा विचारही असाच दूरवरचा. स्प्रिंगांवर रबर लावलेल्या केसांचा थर देऊन केलेली ही बैठक पहिल्यांदा बसताना कडक वाटते. मऊ गादीत शरीर रुतते आणि तासाभरात कंबर बोलू लागते. कडक बैठक मात्र मणक्याला आधार देत राहते. दालनात पाच मिनिटे बसून पाहणाऱ्याला न आवडणारी ही गोष्ट कराड मागे पडल्यावर पटू लागते.

उसाचा रस्ता : खड्डे, धूळ आणि ट्रॉल्या

पेठ नाक्यावरून आष्टामार्गे सांगलीकडे वळले, की चित्र पालटते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्ता व्यापतात. फियाटचा मागील आस हा एकच अखंड दांडा होता व तो पाटे-स्प्रिंगवर बसवलेला असे. एक चाक खड्ड्यात गेले, की त्याचा हिसका दुसऱ्या चाकालाही बसे. ‘एसएलसी’चे प्रत्येक मागील चाक स्वतंत्र तिरप्या भुजेवर हलते आणि जड डिफरन्शिअल चाकांबरोबर उसळत नाही. चाकाबरोबर हलणारे वजन जितके कमी, तितके टायर जमिनीला अधिक चिकटून राहते. हा आरामाचा मुद्दा आहेच, पण त्याहून तो सुरक्षिततेचा आहे. अंधारात पुढे अचानक विनादिव्याची ट्रॉली दिसली, तर खडबडीत रस्त्यावर गाडी थांबते ती टायर जमिनीवर असले तरच.

धूळ आणि चिखल यांचाही विचार येथे आढळतो. मागील दिव्यांच्या काचेला आडव्या खोल पन्हळी आहेत. बाहेरच्या कडा मळल्या तरी आतील खाचा स्वच्छ राहून प्रकाश दिसतो. पुढच्या काचेलगतच्या खांबांना दिलेला आकार पावसाचे घाण पाणी बाजूच्या काचांवर येऊ देत नाही. इंधनाची टाकी मागून धडक बसल्यास सुरक्षित राहावी म्हणून मागील आसाच्या वर ठेवलेली आहे.

हे सारे कागदावरचे दावे नव्हेत, हे शर्यतींनी दाखवून दिले. १९७८ मध्ये दक्षिण अमेरिका खंडाला वळसा घालणाऱ्या, २८ हजारांहून अधिक किलोमीटरच्या रॅलीत ‘एसएलसी’ विजयी झाली. १९७९ मध्ये आयव्हरी कोस्टमधील बांदामा रॅलीत, धुळीच्या आणि चिखलाच्या आफ्रिकी रस्त्यांवर, ‘४५० एसएलसी ५.०’ने पहिले चारही क्रमांक पटकावले. तेही स्वयंचलित गिअरबॉक्ससह. विजेता होता हन्नू मिक्कोला. श्रीमंतांच्या सुखासाठी बनवलेल्या गाडीचे हे यश तिच्या टिकाऊपणाची साक्ष देते.

दोषही सांगायला हवेत. गाडी जड आहे, स्टिअरिंगला चपळाई नाही आणि लिटरला सहाएक किलोमीटरचा हिशेब आज कोणाच्याही कपाळाला आठी घालेल.

आजचा प्रश्न

या पिढीच्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते व तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. नियमित वा व्यावसायिक वापरासाठी नाही. वारसा जपण्याच्या दृष्टीने ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु लांब पल्ल्यासाठी जन्मलेले यंत्र महिनोन्‌महिने उभे राहिले, की त्याची सीले वाळतात, ब्रेकचे पिस्टन अडकतात आणि टायर एका जागी चपटे होतात.

त्यात इंधनाची भर पडली आहे. ज्या उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरतो, त्याच उसापासून बनणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. साखर कारखाने आणि ऊस उत्पादक यांना त्याचा आधार मिळाला, हे सातारा-सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. उभ्या गाडीच्या पोलादी टाकीत तो साठून गंज धरतो आणि त्या काळातील रबरी नळ्या मऊ पडून फुगतात. नव्या गाड्यांतील संगणक मिश्रणानुसार इंधनाचे प्रमाण बदलतो; ‘एसएलसी’च्या जुन्या इंजेक्शन यंत्रणेला ते साधत नाही, त्यामुळे इंजिनात इंधनाच्या मानाने हवा अधिक होते. उपाय अवघड नाहीत : इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवाव्यात, दीर्घकाळ उभी ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करावी, इंधनाचे प्रमाण नव्याने जुळवून घ्यावे आणि नियमांच्या चौकटीत गाडी अधूनमधून चालवावी.

अशा गाड्या मोजक्याच लोकांच्या वाट्याला येतात, हे खरे. तरीही त्यांच्यातील विचार सर्वांच्या कामाचा आहे. चालकाचा थकवा हा अपघाताचा मूक साथीदार असतो. रुंद महामार्ग आणि वेगवान गाड्या हाती आल्यानंतरही, सांगलीला पोहोचेपर्यंत चालक जागरूक राहील का, हा अर्ध्या शतकापूर्वी अभियंत्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न नवी गाडी निवडताना प्रत्येकाने विचारावा असाच आहे.