झडप बदलली, तरी गोळी चालूच

राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. आज ती महात्मा फुलेंच्या नावाने चालते. हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया या योजनेत बसते, आणि पेण-रोह्याच्या घरांसाठी ही फार मोठी सोय आहे. पण मुंबईतल्या रुग्णालयातून पेशंट घरी येतो तेव्हा उपचार संपलेला नसतो. नव्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ न देणे, हे काम पुढे घरीच करायचे असते.

‘नवा वॉल्व्ह बसला, आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला?’ हा सर्वांत घातक समज. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली चित्रा झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम माणसात बसवली गेली. धातूची चौकट, आत कलती होणारी प्लॅस्टिकची चकती. असा यांत्रिक वॉल्व्ह कितीही उत्तम असला, तरी रक्ताला तो परकाच. परक्या पृष्ठभागावर, विशेषतः प्रवाह मंदावतो त्या सांध्याकोपऱ्यांत, रक्त गोठू पाहते. म्हणून वॉरफेरिन किंवा असेनोकुमॅरॉल जन्मभर घ्यावे लागते. बरे वाटते आहे ते याच गोळीच्या आधाराने.

मात्रा ठरते आयएनआर या, रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या तपासणीवरून. गोळी न घेणाऱ्या माणसाचा हा आकडा साधारण १ असतो. महाधमनीच्या यांत्रिक झडपेसाठी तो बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. कमी झाला तर गुठळीची भीती, फार वाढला तर रक्तस्रावाची. शेजाऱ्याचा डोस आपल्याला चालत नाही, आणि गेल्या वर्षीचा आपलाच डोसही चालेल असे नाही.

‘हल्ली तपासणी न लागणाऱ्या गोळ्या निघाल्यात, त्या घेऊ.’ यांत्रिक झडपेसाठी नाही! डाबिगॅट्रान या औषधाची अशा रुग्णांवरची चाचणी २०१२ मध्ये अर्ध्यातच थांबवावी लागली, कारण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले. एपिक्साबॅनची चाचणीही २०२२ मध्ये थांबवली गेली.

उलट टोकाचा समज टिश्यू वॉल्व्हबद्दल आहे. गाईच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून केलेल्या या वॉल्व्हवर गुठळी होतच नाही, असे अनेकांना वाटते. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बसवायच्या टावी पद्धतीबद्दलही तेच. फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये ती पहिल्यांदा केली. २०१५ मध्ये राज मक्कर आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनने पाहिले, तेव्हा एका गटातल्या ५५ पैकी २२ रुग्णांत झडपेच्या पाकळ्या नीट हलत नव्हत्या. नंतर पुन्हा स्कॅन झालेल्यांपैकी गुठळीरोधक औषध मिळालेल्या अकराही जणांच्या पाकळ्या पुन्हा हलू लागल्या. औषध न मिळालेल्या दहांत एकाच्याच. म्हणून प्रत्येकाला जोरदार औषध द्यावे असे मात्र नाही. टावीनंतर अनेकांना नुसती अॅस्पिरिन पुरते. पण इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) तारखा चुकवू नयेत.

आता जेवण. पावसाळ्यात इथल्या बाजारात कातकरी-ठाकर बाया टाकळा, कुर्डू विकायला आणतात, आणि वॉल्व्हवाल्याच्या घरी पालेभाजीच बंद होते. गोळी जीवनसत्त्व ‘के’चे काम रोखते, ते पालेभाज्यांत भरपूर असते, हे खरे. पण प्रमाण एकसारखे ठेवले की मात्रा त्यानुसार बसवता येते. आठवडाभर काहीच नाही आणि मग चार दिवस ताट भरून, हे चालत नाही. अंगदुखीच्या गोळ्या आणि अनोळखी चूर्णे यांची धास्ती भाजीपेक्षा जास्त बाळगावी.

दात काढायचा म्हणून परस्पर गोळी बंद करणेही नको. मूल हवे असलेल्या स्त्रीने तर आधीच हृदयतज्ज्ञांना भेटावे: वॉरफेरिन गर्भाला अपाय करू शकते, आणि ते मनाने सोडले तर झडप अडकू शकते.

यांत्रिक झडपेचा रोजचा टिकटिक आवाज बोदा झाला किंवा थांबला, एकाएकी दम लागू लागला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे आणि डिस्चार्ज कार्ड व आयएनआरची वही सोबत न्यावी. इको आणि एक्स-रेच्या हलत्या चित्रात चकती अडकलेली दिसली, तर गुठळी विरघळवणारे औषध किंवा पुन्हा शस्त्रक्रिया, हा निर्णय तिथे तातडीने घेता येतो.