ट्रॉलीचा टायर फुटला? ब्रेकवर पाय नको!

गाळप सुरू झालं की पंढरपूर-अकलूजकडच्या रस्त्यांवर उसाच्या डबल ट्रॉल्यांची रांग लागते. हौसेने कारमागे कॅराव्हॅन ओढणाऱ्यांनाही नियम हेच.

टायर फुटला की ट्रॉली एका बाजूला ओढते. जोरात ब्रेक मारलात तर मागचं वजन पुढच्या गाडीला ढकलतं आणि सगळंच आडवं होतं. स्टिअरिंग घट्ट, सरळ धरा. ऍक्सिलरेटर हळूहळू सोडा. वेग उतरला की डावीकडे घ्या. बाकीच्या चाकांना दगड लावा, जॅकखाली जाड फळी ठेवा. नट चाक उचलण्याआधीच सैल करायचे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा.

आता मूळ दुखणं. ‘सोलापूरचं ऊन आहे, हवा कमीच ठेवा’ हा सल्ला साफ चुकीचा! कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याच्या बाजू सारख्या वाकतात, तो आतून तापतो आणि शेवटी थर सुटतात. हवा सकाळी, टायर थंड असताना, कंपनीने सांगितली तेवढीच भरा. तापलेल्या टायरातली हवा सोडू नका. स्टेपनीही तपासा (तिला कुणी विचारतच नाही). टायरवर डॉट क्रमांकाच्या शेवटी २३१८ दिसलं तर तो २०१८ च्या २३व्या आठवड्यातला. असा टायर भरल्या ट्रॉलीला नकोच.