चार हुतात्मे, एक खटला

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी झाली. आरोप पोलिसांच्या खुनाचा होता, मग हे हुतात्मे कसे, असा आक्षेप निघतो. त्यासाठी तेव्हाचे सोलापूर पाहायला हवे. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले होते. ८ मे १९३० रोजी पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि चिडलेल्या जमावाच्या हल्ल्यात पोलीस मारले गेले. १२ मेपासून जूनअखेरपर्यंत मार्शल लॉ होता. झेंडा घेऊन निघणेही गुन्हा ठरले. कुर्बान हुसेन 'गझनफर' हे पत्र चालवत, गिरणी कामगारांत वावरत. जमावाच्या कृत्याची किंमत ओळखीच्या कार्यकर्त्यांनी मोजली. चौघांचे पुतळे सोलापूरच्या चार हुतात्मा चौकात आहेत.