बँकेचा उतारा आणि व्यापाऱ्याची खतावणी

मराठवाड्यातील निलंगा किंवा औराद शहाजानी यांसारख्या बाजारगावांत सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या हंगामात होणाऱ्या देवाणघेवाणीचा मोठा भाग आता बँक खात्यांतून आणि यूपीआयवरून होतो, त्यामुळे आडत दुकान, खत-बियाण्यांचे दुकान किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांच्या एका खात्यावर एका दिवसातही लहानमोठ्या कितीतरी नोंदी पडतात. या नोंदी पाहून हाताने खतावणीत उतरवताना अंकांची उलटापालट होते, एखादी ओळ सुटते किंवा दोनदा लिहिली जाते. यावर उपाय म्हणून बँकेकडून मिळणारी खातेउताऱ्याची फाइल थेट हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेता येते आणि ही सोय विनामूल्य मुक्त सॉफ्टवेअरमध्येही आहे. वेळ वाचतो हा तिचा उघड फायदा आहे. परंतु बँकेने लिहिलेला हिशोब आणि व्यापाऱ्याने लिहिलेला हिशोब या दोन स्वतंत्र नोंदी ओळीला ओळ लावून तपासता येतात, हा फायदा त्याहून मोठा आहे.

ही तपासणी समजण्यासाठी दोन्ही पुस्तकांच्या बाजू परस्परविरुद्ध असतात हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. व्यापाऱ्याने ५०,००० रुपये बँकेत भरले की ती रक्कम बँकेच्या दृष्टीने खातेदाराला द्यायचे देणे होते, म्हणून बँक तिला क्रेडिट म्हणते. व्यापाऱ्याच्या पुस्तकात मात्र बँकेतील शिल्लक ही त्याची मालमत्ता असल्याने तीच रक्कम बँक खात्याला डेबिट पडते. उताऱ्यावरील क्रेडिट-डेबिट जसेच्या तसे उचलल्यास संपूर्ण हिशोब उलटा बसतो, आणि नवख्यांची पहिली अडखळण बहुधा येथेच होते. म्हणूनच बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे रकाने जमा आणि काढलेली रक्कम या अर्थाने जोडले जातात.

उताऱ्याच्या फायली अनेक प्रकारच्या असतात. पीडीएफ ही वाचण्यासाठी आणि छापण्यासाठी असते, तिच्यातील रकाने संगणकाला सहज वेगळे करता येत नाहीत. सीएसव्ही ही साध्या मजकुराची फाइल असून तिच्यात प्रत्येक व्यवहार एका ओळीत आणि त्याचे घटक स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात. मात्र रकान्यांचा क्रम प्रत्येक बँकेचा निराळा असू शकतो. ही अडचण दूर करण्यासाठी १९९७ साली मायक्रोसॉफ्ट, इंट्यूट आणि चेकफ्री या कंपन्यांनी ओएफएक्स हे सामाईक स्वरूप मांडले, ज्यात प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. आपल्याकडील सामान्य खातेदाराला मात्र बहुतेक वेळा एक्सेल किंवा सीएसव्हीवरच काम भागवावे लागते.

अशा फाइलची आयातीपूर्वी थोडी साफसफाई करावी लागते. वरच्या भागातील नाव, पत्ता, खातेक्रमांक यांच्या ओळी वगळाव्या लागतात, ‘१,२५,०००.००’ सारख्या रकमेतील स्वल्पविराम काढावे लागतात, कारण काही वेळा संगणक त्यांनाच रकान्यांची सीमा समजतो. आणि दिनांकाचा क्रम स्पष्ट सांगावा लागतो, अन्यथा ०५/०४ ही ५ एप्रिलची नोंद ४ मेला जाऊन बसते. फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन केल्यास १५ पेक्षा अधिक अंकांच्या क्रमांकातील पंधराव्या अंकानंतरचे अंक शून्य होतात, म्हणून बँकेकडून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी राखून प्रतीवरच काम करणे हितावह ठरते.

१९९८ पासून उपलब्ध असलेले गनूकॅश हे या कामासाठी जगभर वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. मुक्त म्हणजे कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येणारे. त्यात सीएसव्ही फाइल निवडल्यावर कोणता रकाना तारखेचा, कोणता तपशिलाचा आणि कोणता रकमेचा हे सांगावे लागते, आणि ही मांडणी जतन केली की पुढच्या महिन्यात तीच वापरता येते. त्यानंतर सॉफ्टवेअर प्रत्येक ओळ आधीच्या नोंदींशी ताडून पाहते, जुळणारी नोंद सापडल्यास ती दाखवते आणि नव्या ओळीसाठी पूर्वीच्या निवडींवरून खाते सुचवते, जसे की हमाली, बारदाना किंवा वीजबिल. खाते निवडलेच नाही तर प्रत्येक रक्कम एका खात्याला डेबिट आणि दुसऱ्याला क्रेडिट करणाऱ्या दुहेरी नोंद पद्धतीचा तोल राखण्यासाठी ती रक्कम वेगळ्या ‘इम्बॅलन्स’ खात्यात जाते, आणि त्या खात्यात शिल्लक दिसणे म्हणजे काम अर्धवट राहिल्याची खूण होय. सीएसव्हीत ओळखक्रमांकाची हमी नसल्याने तारखा एकमेकींवर चढलेल्या दोन फायली आयात केल्यास नोंदी दुबार होण्याचा धोका राहतो. अशा वेळी तपशिलातील यूपीआयचा १२ अंकी संदर्भक्रमांक व्यवहार ओळखण्यास उपयोगी पडतो.

मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने घडवलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही उताऱ्याची आयात आणि जुळवणी यांची सोय आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी मात्र सॉफ्टवेअर निवडताना एक नियम ध्यानात ठेवला पाहिजे: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक आहे. त्यामुळे घरगुती हिशोबाला किंवा लहान दुकानाला पुरेसे असलेले साधन कंपनीला चालेलच असे नाही, आणि लेखापरीक्षकाचा सल्ला आधीच घेणे योग्य ठरते.

आयात पूर्ण झाली म्हणजे हिशोब पूर्ण झाला, असे मानणे घातक आहे. आरंभीची शिल्लक, अधिक जमा रकमा, उणे काढलेल्या रकमा, यांची बेरीज उताऱ्यावरील अखेरच्या शिलकेशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. आणि व्यापाऱ्याच्या पुस्तकातील शिल्लक तिच्याहून वेगळी असल्यास न वटलेला धनादेश, बँकेने कापलेले शुल्क किंवा जमा केलेले व्याज, यांपैकी कारण शोधून बँक जुळवणी पत्रकात मांडले पाहिजे. एखादी रक्कम मालाची आहे, उसनवारीची आहे की घरखर्चाची आहे, हे बँकेच्या फाइलला कळत नाही. ते आडतीची हिशोबपट्टी आणि पावत्या पाहून माणसालाच ठरवावे लागते.

मराठवाड्याच्या इतिहासामुळे या विषयाला आणखी एक बाजू मिळते. निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील बिदर जिल्ह्यात होता आणि त्या राज्यात १९४१ साली स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली व १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. राज्यांच्या सीमा, बँकांची नावे आणि उताऱ्यांचे रकाने असे बदलत राहतात, परंतु व्यापाऱ्याचा हिशोब वर्षानुवर्षे सलग राहावा लागतो. तो उघड्या, कोणत्याही एका विक्रेत्यावर अवलंबून नसलेल्या स्वरूपात स्वतःच्या ताब्यात असला आणि दर महिन्याला बँकेच्या उताऱ्याशी जुळवला गेला, तर कर्जाच्या अर्जाच्या वेळी, कर भरताना किंवा भागीदारीतील वाद सोडवताना लहान व्यावसायिकही पुराव्यानिशी बोलू शकतो. आणि ही क्षमता महागडे सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या दुकानदारापर्यंतही पोहोचली पाहिजे.